सहलेखनाचे साधन आणि त्यातील नावे

अनेकांनी मिळून लिहावयाच्या संगणकीय साधनाची सुगमता त्याच्या रचनेइतकीच त्यात योजिलेल्या शब्दांवरही अवलंबून असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सामाईक चर्चेच्या पानास तेथे ‘चावडी’ म्हटले आहे. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याच्या नवख्या वाचकासही येथे चारचौघांत बोलावयाचे आहे, हे त्या नावावरूनच उमगावे. सरावाच्या पानाचे ‘धूळपाटी’ हे नावही मार्मिक होय. ती पाटी शाळांतून केव्हाच गेली. तथापि धुळीत लिहिलेले पुसता येते, हा धीर देणारा अर्थ त्या समासातच सामावलेला आहे. याउलट, एकाच नावाचे निरनिराळे विषय दाखविणाऱ्या पानास ‘निःसंदिग्धीकरण’ म्हणणे सदोष वाटते. संज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ती संपादकाने काय केले ते सांगते, वाचकाने काय करावयाचे ते सांगत नाही. ‘समान नावे’ एवढे म्हटल्याने काम भागले असते. अशा संज्ञांपाशी नवे लेखक अडले, तर सर्वांसाठी खुला असलेला ज्ञानकोश मूठभर जाणकारांच्याच हाती राहील.