सिंधूसाठीं रडणारे आम्ही

नाटककार एक धडा शिकवावयास बसतो आणि प्रेक्षक दुसराच शिकून घरीं जातो, असें पुष्कळदां घडतें. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं, त्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. दारू माणसाला कोठवर नेते हें दाखविणें, हा त्याचा उघड हेतु. परंतु प्रयोग पाहून आलेल्या मंडळींचें बोलणें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. त्यांत दारूविषयीं फारच थोडें असतें. तळीरामाच्या कोट्या म्हणून दाखवितात, आर्य मदिरा मंडळाच्या आठवणीनें हंसतात, आणि मग आवाज खालीं आणून सिंधूविषयीं बोलूं लागतात.

ज्याला मोहाचा दलाल म्हणून उभा केला तोच लाडका व्हावा, ही गंमत खरी. पण तिची आम्हांस फारशी चिंता नाहीं. तळीरामाला हंसून कोणी दारुडा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. चिंता वाटते ती सिंधूची.

सुखवस्तु घरची ही मुलगी नवऱ्याच्या व्यसनापायीं दळणें दळते, आणि शेवटीं त्याच्याच हातून मूल मेलें व स्वतः मरणाच्या दारीं पडली, तरी फौजदारासमोर त्याच्यावर दोष येऊं देत नाहीं. तेथें नाट्यगृहांत हुंदके ऐकूं येतात. आमचेहि त्यांत असतात, हें कबूल केलें पाहिजे. पण हे अश्रू कशाला मिळतात? ती जितकी अधिक सोसते तितके ते अधिक. चौथ्या अंकांत ती मूल घेऊन निघून गेली असती, तर आम्ही कदाचित् टाळ्या दिल्या असत्या, रडलों मात्र नसतों. म्हणजे ज्याला आम्ही कणव समजतों, तें बऱ्याच अंशीं सोसण्याला दिलेलें बक्षीस असतें.

एका स्नेह्यांच्या घरीं, नवऱ्याच्या दारूला कंटाळून परत आलेली त्यांची भाची बसली होती. घरांतील एक वडील बाई, अत्यंत मायाळू, तिच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाल्या, “अगं, सिंधूनें काय थोडें सोसलें?” मुलगी कांहीं बोलली नाहीं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतें, आणि तें खोटें नव्हतें.

नाटकांत गीताहि आहे, असें कोणी म्हणेल. आहे, ती नवऱ्याविषयीं फटकळपणें खरें तेंच बोलते. पण तिच्या वांट्याला हंशा आला, पूजा सिंधूच्या वांट्याला गेली.

आतां हरिभाऊ आपटे यांची यमू पाहा. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः आली. यमू आपली हकीकत आपणच सांगते. लहानपणचे रुसवेफुगवे, सासरची धास्ती, मुंबईस नवऱ्याच्या संगतींत लाभलेलें थोडेंसें सुख, सारें तिच्याच शब्दांत. त्यामुळें नवरा गेल्यावर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेव्हां वाचक समोर बसून पाहात नाहीं; वस्तरा त्याच्याच डोक्यावर फिरतो. “यमूनें सोसलें, तूंहि सोस,” असें ती कादंबरी वाचून कोणी कोणा विधवेला म्हणूं शकेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

गडकऱ्यांची सहानुभूति हरिभाऊंहून उणी होती, असें आमचें म्हणणें नाहीं. फरक आहे तो वाचकाला बसविलें कोठें याचा. सिंधूला आम्ही बाहेरून पाहातों. जात्याशीं बसल्यावर तिच्या मनांत राग येतो काय, हें आम्हांस कळत नाहीं; तिला पदें आहेत (तीं गडकऱ्यांचीं नव्हत, विठ्ठल सीताराम गुर्जरांचीं), पण तींहि तिची गोडी वाढवितात, मन उघडीत नाहींत. नाटकाला याहून अधिक साधतच नाहीं, हा बचाव आम्हांस पटत नाहीं. देवलांची शारदा १८९९ सालींच रंगभूमीवर आपलें भय आपल्या तोंडानें सांगून गेली होती.

आमच्याजवळची यमूची प्रत आम्हीं त्या स्नेह्यांकडे वाचावयास दिली आहे. मुलीला नव्हे, त्या वडील बाईंना. ती अद्याप परत आलेली नाहीं.