यंत्रापुढील निवेदन : एका ग्रंथाचे पुनर्वाचन

जोसेफ वायझेनबाऊम यांचा ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. मनाने खचलेली माणसे आज संभाषण करणाऱ्या यंत्रांपुढे आपले दुःख मांडू लागली असताना हा ग्रंथ पुन्हा वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या मोहाविरुद्ध ग्रंथकार लिहितात, त्याचे साधन त्यांनीच घडविले होते. अमेरिकेतील एम.आय.टी. येथे त्यांनी रचलेली ‘एलायझा’ ही संगणकप्रणाली १९६६ साली जाहीर झाली. मानसोपचारकाची भूमिका घेऊन ती समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारी. अर्थ तिला कशाचाच कळत नसे. तरीही ग्रंथकारांच्या सचिव बाईंनी तिच्याशी बोलताना एकांत मागितला. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रणेमार्फत तासाला कित्येक शे रुग्ण हाताळता येतील असे सुचविले. ग्रंथकार याने हादरले. संगणकाला काय साधेल यापेक्षा त्याच्यावर काय सोपवू नये हा खरा प्रश्न होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पुढील घटनांनी ही भीती अनाठायी ठरविली नाही. आहारविकाराने पीडितांसाठी अमेरिकेतील एका राष्ट्रीय संस्थेने चालविलेले ‘टेसा’ हे संभाषणयंत्र २०२३ साली बंद करावे लागले. वजन घटविण्याचा सल्ला ज्यांना घातक, त्यांनाच ते तो देत होते. परमपीठाने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या टिपणानेही रुग्ण व शुश्रूषक यांच्यातील नात्याची जागा यंत्राने घेऊ नये असे बजावले आहे.

तथापि ग्रंथाची एक उणीव आम्ही नमूद करतो. सचिव बाईंच्या त्या विनंतीत ग्रंथकारांना भ्रम दिसला. आम्हांस तीत भूकही दिसते. मध्यरात्री यंत्राशी बोलणारा यंत्राला माणूस समजतोच असे नाही. ते जागे असते, रागावत नाही, आणि आपली गोष्ट धर्मग्रामभर होणार नाही असे त्याला वाटते. हा ठपका यंत्रावर नाही, आमच्यावर आहे. खिन्नतेने ग्रासलेल्याला ‘श्रद्धा कमी पडते, प्रार्थना वाढवा’ एवढेच सांगून आम्ही कितीदा वाटेला लावले असेल?

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले. ते बोलू लागले तेव्हाच चुकले. यंत्रापाशी उत्तर तत्काळ असते, पण जवळ बसणे नसते. शोमरोनी मनुष्याने आपले तेल, आपला द्राक्षारस, आपले दोन दिनार वेचले व परत येण्याचे वचन दिले. यंत्रापाशी स्वतःचे असे वेचण्यासारखे काहीच नाही. मात्र ते सात दिवस व ते दोन दिनार आम्हीही टाळत असू, तर यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.

म्हणून सरसकट निषेध आम्हांस मान्य नाही. माहिती मिळविणे, डॉक्टरांची वेळ ठरविणे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नोंदी ठेवणे, यांस यंत्र उपयोगी पडावे. परंतु समोर माणूस नाही हे रुग्णापासून लपविणे हा असत्याचा दोष होय. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर अनुल्लंघनीय आहे; मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. यंत्रापुढे लिहिलेले मात्र कोणाच्या तिजोरीत जाते, हे लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. कोणी जीव देण्याची भाषा बोलेल तेथे तर यंत्रावर विसंबणे नकोच. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा दूरध्वनी १४४१६ वर रात्रंदिवस व विनामूल्य उपलब्ध आहे; हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या दारावर लावावा.

ग्रंथ इंग्रजीत असून मधली काही प्रकरणे तांत्रिक आहेत. ती वगळली तरी चालेल; प्रस्तावना मात्र आमच्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर ज्या घरी जाण्याचे आपण लांबणीवर टाकले आहे तेथे जाऊन यावे.