पाच वाजता आलेल्यांची मजुरी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला वाचावा तर प्रकाशासारख्या गावी. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव, 'दक्षिण काशी' म्हणून लौकिकाचं. केदारेश्वरापाशी लोक अस्थी घेऊन येतात, स्नान करतात, पुण्य जोडून जातात. भोवतालचा शहादा तालुका उसाचा, केळीचा, पपईचा. इथे रोज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्याचा आणि मजुरीचा, दोन्ही हिशेब ज्याला तोंडपाठ आहेत, त्यालाच हा दाखला खरा झोंबतो.

मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, एक दिनार रोज ठरवून मजूर लावतो. दिनार ही त्या काळची दिवसाची रीतसर मजुरी. नऊला, बाराला, तीनला तो पुन्हा जातो, आणखी माणसं आणतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाचला, परत जातो. हाताशी मुकादम आहे, तरी प्रत्येक खेपेला मालक स्वतः निघतो. पाचच्या खेपेत त्याचा कसलाही फायदा नाही. तासाभरात मळ्यात असं काय उरकणार?

करारांची उतरंड पाहा. पहिल्यांशी बोली पक्की. नऊवाल्यांना रास्त ते देण्याचा शब्द. पाचवाल्यांना, प्राचीन हस्तलिखितं प्रमाण मानली तर, काहीच नाही. नुसतं 'जा' एवढंच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. मी या उत्तरापाशी सर्वांत जास्त थांबतो. सकाळी मजूर निवडले जातात तेव्हा मागे कोण उरतं? म्हातारा, आजारी, अनोळखी. मत्तय हे सांगत नाही, पण मजुरांच्या गावाला ते ऐकू येतं.

संध्याकाळी मुकादमाला हुकूम होतो: शेवटच्यांपासून वाटायला सुरुवात कर. सगळी गोष्ट या एका हुकमावर उभी आहे. पहाटेवाल्यांना आधी पैसे मिळाले असते, तर ते खुशीत घरी गेले असते. आता त्यांना बघत उभं राहावं लागतं. तासाभराच्या कामाला अख्खा दिनार! मग आपल्याला किती? रांग सरकते तशी आशा वाढते, आणि हातावर पडतो तोच एक दिनार. कुरकूर होते ती पैसे कमी मिळाले म्हणून होत नाही. ऊन आम्ही सोसलं आणि यांना आमच्या बरोबरीला बसवलंत, हे त्यांचं दुखणं. त्या क्षणी ऐकणाराही मनाने त्यांच्याच बाजूला असतो, आणि तिथेच तो सापडतो.

1972 साली याच तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांनी सालदारांच्या आणि रोजंदारीवाल्यांच्या हक्कासाठी इथली गावं जागी केली. मजुरी मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, हा त्या लढ्याचा गाभा. त्या कानांना हा मालक संशयास्पद वाटणारच, आणि तो संशय मला रास्त वाटतो. म्हणून दाखल्यातला चोखपणा नीट पाहावा: कुणाचा दिनार कापलेला नाही, बोली मोडलेली नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे दिवस मावळताना मजुरी चुकती झाली आहे. न्याय पुरता देऊन झाल्यावर कृपा सुरू होते. दिनाराचा बारावा हिस्सा दिला असता, तर हिशेब बरोबर आला असता आणि पाचवाल्याची चूल पेटली नसती.

दाखल्याच्या आधीच्याच अध्यायात पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे हे उत्तर पाप्याला दिलेलं नाही, चांगल्या माणसाला दिलेलं आहे. अजामिळाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला पापी तरतो याचं नवल नाही. चांगल्यालाही आपल्या चांगुलपणाच्या बळावर तरता येत नाही, हे मात्र गळी उतरत नाही.

पंडिता रमाबाईंना ते उतरायला वर्षं लागली. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थामागून तीर्थं पायी हिंडले. पुराणं वाचली, दानं दिली, उपासतापास केले, आणि 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील दोघंही गेले. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे 1907च्या आपल्या निवेदनात त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला 1891च्या सुमारास. विधवांसाठी काढलेलं त्यांचं शारदा सदन तेव्हा चालू होतं, हाती पुण्यकर्मांची रास होती. पहाटेपासून राबलेली ही बाई त्या राशीकडे पाठ फिरवून पाचवाल्यांच्या रांगेत उभी राहिली.

कुरकुरणाऱ्यांपैकी एकाला मालक 'मित्रा' म्हणतो. तुझं तू घे, असं सांगतो, आणि माझं औदार्य तुला सलतं का, असं विचारतो. त्याचं उत्तर मत्तयाने लिहिलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊही असाच मेजवानीच्या घराबाहेर राहतो. तो आत गेला की नाही, तेही कुठे लिहिलेलं नाही.