कुलाब्याची नोंद आणि स्थानिक वेळ : १८५९ च्या चुंबकीय वादळावरील एका शोधनिबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

कोणतेही वैज्ञानिक मापन उपकरण, स्थळ आणि वेळ या तीन गोष्टींनी बद्ध असते. उपकरणाच्या अचूकतेची चर्चा होते, स्थळाचे वर्णन दिले जाते. वेळेची मात्र केवळ नोंद होते. ती वेळ मापनाच्या अर्थात किती शिरली आहे, याचा विचार होतोच असे नाही. भूचुंबकशास्त्रात ही उपेक्षा महाग पडते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अगदी शांत दिवशीही सूर्याच्या आकाशातील स्थानानुसार बदलत असते. होकायंत्राच्या सुईची ही दैनिक हालचाल जॉर्ज ग्रॅहम याने लंडन येथे १७२२ मध्ये टिपली होती. एखाद्या नोंदीतला किती भाग पृथ्वीचा आणि किती भाग त्या प्रहराचा, हा प्रश्न तेव्हापासून या शास्त्राच्या मुळाशी आहे.

हाच प्रश्न एका गाजलेल्या शोधनिबंधाच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, जी. एस. लखिना आणि एस. ॲलेक्स यांचा १ व २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळावरील निबंध २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील हस्तलिखित नोंदी हा आहे.

निबंधाचे प्रतिपादन

१ सप्टेंबर १८५९ रोजी ग्रिनिच वेळेनुसार सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे सूर्यावरील प्रखर ज्वाला पाहिली. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. अनेक वेधशाळांतील हालचाल मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्यात मात्र निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेत होते आणि वादळाच्या काळात त्यांनी दोन वाचनांमधील अंतर कमी केले होते. त्यामुळे कमी अक्षांशावरील एक मौल्यवान नोंद शिल्लक राहिली. तीनुसार २ सप्टेंबर रोजी मुंबईच्या स्थानिक वेळेने अकरा-साडेअकराच्या सुमारास क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला आणि थोड्याच वेळात बऱ्याच अंशी सावरला.

वादळाचा वेग आणि ध्रुवीय प्रकाशाची खालच्या अक्षांशांपर्यंत गेलेली सीमा यांवरून निबंधकारांनी या वादळाचा डीएसटी निर्देशांक सुमारे उणे १७६० नॅनोटेस्ला असावा, असा अंदाज केला. कुलाब्याची नोंद त्यांनी या अंदाजाची पुष्टी मानली. उपेक्षित दफ्तरातून एवढी महत्त्वाची नोंद बाहेर काढून तिला जागतिक अभ्यासात स्थान मिळवून देणे, हे या निबंधाचे निर्विवाद श्रेय आहे.

स्थानिक वेळेचा प्रश्न

चिकित्सेची खरी जागा ‘पुष्टी’ या शब्दापाशी आहे. डीएसटी निर्देशांक हा एका ठिकाणचा आकडा नव्हे. हर्मानस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार वेधशाळांच्या तासागणिक नोंदींवरून तो काढला जातो. या वेधशाळा पृथ्वीभोवती वेगवेगळ्या रेखांशांवर असल्याने एकीकडे दुपार असते, तेव्हा दुसरीकडे रात्र असते. दिवस-रात्रीचा पक्षपात सरासरीत कमी व्हावा, हेच या रचनेचे प्रयोजन आहे. कुलाब्याची नोंद एकाच जागेची आणि मध्यान्हाजवळची आहे.

शांत दिवसाचे दैनिक विचरण येथे फारसे अडचणीचे नाही. ते काही दशक नॅनोटेस्लांचे असते आणि १६०० पुढे किरकोळ ठरते. वादळाच्या काळातील विषमता मात्र मोठी असते, आणि तिचा परिणाम दोन परस्परविरोधी दिशांनी होऊ शकतो. कुलाब्यातील घट पृथ्वीभोवतीच्या वलय-प्रवाहामुळे झाली असे मानले, तर असा प्रवाह वादळाच्या ऐन भरात सायंकाळच्या बाजूला अधिक प्रबळ असतो. त्या स्थितीत मध्यान्हाची नोंद एकंदर तीव्रता कमीच दाखवील आणि निबंधकारांचा आकडा अतिशयोक्त ठरणार नाही. उलट, दिवसाच्या बाजूला खाली सरकलेल्या, चुंबकावरण आणि आयनांबर यांना जोडणाऱ्या प्रवाहांचा वाटा मोठा असेल, तर मध्यान्हीच घट सर्वाधिक दिसेल आणि जागतिक सरासरी पुष्कळच कमी भरेल. २००३ च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळाशी तुलना करून शिनिची ओतानी यांनी २०२२ मध्ये या दुसऱ्या शक्यतेकडे लक्ष वेधले. घट इतक्या झपाट्याने भरून निघाली, ही बाबही या शक्यतेला अनुकूल आहे. कारण वलय-प्रवाह सहसा इतक्या लवकर ओसरत नाही.

एकच आकडा स्थानिक वेळेच्या अर्थानुसार कमी किंवा अधिक, असा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. म्हणून दोन आकडे जवळपास जुळले, एवढ्यावरून पुष्टी झाली असे म्हणणे तर्कदृष्ट्या अपुरे आहे.

क्षण आणि तास

वेळेचा दुसरा पैलू कालखंडाचा आहे. डीएसटी ताशी सरासरीवर आधारलेला, तर १६०० हा एका क्षणाच्या वाचनाचा आकडा. जॉर्ज सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कुलाब्याच्या वाचनांची ताशी सरासरी काढली, तेव्हा ती सुमारे उणे ८५० नॅनोटेस्ला भरली. नोंद तीच, परंतु क्षणाऐवजी तास घेताच आकडा जवळजवळ निम्मा झाला.

हा वाद केवळ पंडिती नाही. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोलमडली, त्या वादळाचा निर्देशांक उणे ५८९ होता. १८५९ चे वादळ त्याच्या तिप्पट मानायचे की दीडपट, यावर वीजजाळ्याच्या संरक्षणाचे नियोजन अवलंबून राहते. तरीही ताशी सरासरीला अंतिम सत्य मानणे चुकीचे ठरेल. वाहिन्यांत निर्माण होणारे प्रवाह क्षेत्र काही मिनिटांत किती वेगाने बदलते यावर ठरतात, आणि तो वेग सरासरीत बुजून जातो. मुंबईच्या आकाशाखाली त्या सकाळी घडलेली घट खरीच होती. मतभेद आहे तो तिला संपूर्ण पृथ्वीचे प्रतिनिधित्व देण्याबाबत.

समारोप

या चिकित्सेमुळे कुलाब्याच्या नोंदींचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. वाचनाशेजारी वेळ काटेकोरपणे लिहिलेली होती, म्हणूनच दीडशे वर्षांनंतर त्या आकड्याचा पुनर्विचार शक्य झाला. २०२२ मध्ये हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी मूळ छापील अहवालांकडे परत जाऊन तिन्ही घटकांची तपासणी केली, तीही याच शिस्तीच्या बळावर. याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. वादळ सुरू झाल्यापासूनचा काळ आणि स्थानिक वेळ यांचा वेगवेगळा विचार करण्याची दृष्टी त्या कामात दिसते. २००३ च्या निबंधाला या दृष्टीची जोड अधिक काटेकोरपणे मिळती, तर ‘पुष्टी’ऐवजी ‘सुसंगती’ हा मर्यादित शब्द वापरला गेला असता.

महाविद्यालयीन संशोधनालाही हा निष्कर्ष लागू पडतो. तलावाच्या पाण्यातील विद्राव्य प्राणवायू पहाटे कमी आणि दुपारनंतर अधिक असतो. मग एका तलावाचा नमुना सकाळी व दुसऱ्याचा दुपारी घेऊन त्यांची तुलना करणाऱ्या निबंधात प्रदूषणाचा फरक मोजला गेला की प्रहराचा, हे ठरवता येत नाही. नमुना घेतल्याची वेळ तक्त्यात लिहिणे ही पहिली पायरी होय. निष्कर्ष काढताना त्या वेळेचा हिशेब मांडणे ही दुसरी, आणि शोधनिबंधाचे परीक्षण करणाऱ्याने आग्रह धरावा तो या दुसऱ्या पायरीचा.