मधमाशीचे ‘अध्ययन’ : एका उदाहरणाची चिकित्सा

प्राण्यांच्या शिकण्याचा विषय निघाला की पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर आणि स्किनरचा उंदीर हे त्रिकूट पुढे येते. मधमाशीची बोळवण बहुधा ‘सहजप्रवृत्ती’च्या प्रकरणात होते. ही वाटणी शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. शिवाय अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याचे तीत विशेष नुकसान आहे. पावलॉव्हची प्रयोगशाळा त्याला दिसणार नाही. फुलोरी माशीचे हातभर उंचीवरचे मोहोळ मात्र बांधावरच्या झुडपात आढळू शकते.

कार्ल फॉन फ्रिश याने 1914 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका साधा आहे की त्याला प्रयोगशाळेची गरजच नाही. करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कागदांत एक निळा कागद ठेवावयाचा, त्यावरील बशीतच साखरपाणी द्यावयाचे, कागदांच्या जागा वरचेवर बदलावयाच्या, आणि अखेरीस सर्व बशा रिकाम्या ठेवावयाच्या. माशा निळ्यावरच उतरतात. लाल कागद घेतल्यास मात्र त्या काळ्या व गडद करड्या कागदांशी त्याची गल्लत करतात. शिकण्याची शक्ती आणि इंद्रियाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच मांडणीतून हाती येतात.

या घटनेला मराठीत काय म्हणावयाचे, येथे खरी अडचण सुरू होते. परिभाषेने ‘अध्ययन’ हा एकच शब्द दिला आहे. त्याला पोथीचा वास आहे, हा दोष क्षम्य मानता येईल. पण व्यवहारातील मराठीने जपलेले भेद तो पुसून टाकतो, हा दोष क्षम्य नव्हे. नवा गोऱ्हा औताला ‘सरावतो’, कुत्र्याला दाराशी येण्याची ‘सवय लागते’, वासरू गायीला ‘ओळखते’, मूल पोहावयास ‘शिकते’. वऱ्हाडातील शेतकरी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत नाही. नळीत अडकवलेल्या माशीला आधी वास आणि लगेच शृंगिकेला साखरपाण्याचा स्पर्श दिला, तर दोनतीन खेपांत ती केवळ वासानेच सोंड पुढे काढते. उत्तरपत्रिकेत याला ‘अभिजात अभिसंधान’ असे नाव देऊन विद्यार्थी मोकळा होतो. वास आधी व साखर नंतर हाच क्रम का हवा, हे त्याला विचारले तर तो गोंधळतो. संज्ञा पाठ झाली म्हणजे गोष्ट समजली, हा भ्रम अशा परिभाषेनेच पोसला आहे.

दुसरा घोटाळा ‘मधमाशीची भाषा’ या शब्दप्रयोगाचा. फ्रिशने माशांच्या नाचातून अन्नाची दिशा व अंतर कळते हे दाखवले आणि त्या नाचाला भाषा म्हटले. एमिल बाँव्हनिस्त याने 1952 सालीच त्यावर नेमके बोट ठेवले : या संदेशाला प्रत्युत्तर नाही, ऐकीव संदेश दुसरी माशी पुढे सांगत नाही, आणि आशय अन्नापुरता मर्यादित. अन्नापुरतेपणाचा मुद्दा पुढे टिकला नाही, कारण थव्याने नव्या जागेचा शोध घेताना माशा त्यासाठीही नाचतात, हे मार्टिन लिंडाउअरने दाखवले. बाकीचे आक्षेप मात्र अजूनही भक्कम आहेत. तथापि भाषा नाही म्हणून तो नाच सर्वस्वी उपजत, असे अनुमान काढणे ही घाई ठरते. 2023 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ज्या तरुण माशांना अनुभवी माशांचा नाच अनुसरण्याची संधी मिळाली नाही, त्यांचे पहिले नाच विस्कळित निघाले. दिशेतील चूक सरावाने सुधारली. अंतराची चूक जन्मभर राहिली. नाच उपजत, त्यातील अचूकपणा काही अंशी संगतीचा, असाच याचा अर्थ. भाषावैज्ञानिकाला येथे मुलांच्या भाषाग्रहणाची आठवण व्हावी हे स्वाभाविक. पण साम्य तेथेच थांबवलेले बरे.

वर्गात हे दाखवावयाचे तर माशीची निवड विचारपूर्वक व्हावी. मेळघाटातील आग्या माशीच्या वाटेस कोणी जाऊ नये. ‘आग्या मोहोळ’ हा शब्द मराठीत उगीच भीतीचा झालेला नाही. सातेरी अंधाऱ्या पोकळीत उभ्या पोळ्यावर नाचते, म्हणून तिला सूर्याचा कोन गुरुत्वाच्या रेषेत बदलून सांगावा लागतो. विद्यार्थी नेमका याच रूपांतराशी अडखळतो. फुलोरीचे पोळे फांदीभोवती उघड्यावर असते व त्याच्या वरच्या जवळजवळ आडव्या भागावर ती नाचते. नाचाची रेघ थेट अन्नाकडेच वळलेली. लिंडाउअरने 1950 च्या दशकात श्रीलंकेत हिचा अभ्यास केला. वऱ्हाडात शिकवताना युरोपीय माशीची अवघड आकृती आधी फळ्यावर काढावयाची आणि अंगणातील सोपे रूप सोडून द्यावयाचे, हा उलटा क्रम आहे.

ऋतूचे भान मात्र हवे. आसपास फुलोरा भरघोस असताना माशा साखरपाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि प्रयोग फसला असे वाटते. फुलांची टंचाई असेल तेव्हा रोज सकाळी दहाच्या ठोक्याला बशी ठेवावी. काही दिवसांनी एके दिवशी ती रिकामीच ठेवून माशांची हजेरी घ्यावी. इंगेबोर्ग बेलिंगने 1929 साली हेच केले होते, आणि माशा वेळेवर आल्या होत्या.