आडात काय आहे, हेही सांगा

सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकांसाठी ‘भाषण कसं करावं’ अशी कार्यशाळा भरली, की हान्स रोसलिंग यांचं २००६चं टेड भाषण बहुधा दाखवलं जातंच. तुम्हीही पाहिलं असेल. पडद्यावर रंगीत बुडबुडे, एकेक बुडबुडा म्हणजे एकेक देश. १९६२पासून वर्षं पुढे सरकतात, दर बाईमागे मुलांची संख्या घटते, आयुर्मान वाढतं, आणि हा स्वीडिश प्राध्यापक क्रिकेटच्या समालोचकासारखा बुडबुड्यांमागे धावत असतो.

भाषण उत्तम आहे, यात वाद नाही. सुरुवातीचं कोडंच बघा. देशांच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीत एकीकडचा बालमृत्युदर दुसरीकडच्या दुप्पट. कोणत्या देशात जास्त, एवढंच सांगायचं. कॅरोलिन्स्का संस्थेतल्या विद्यार्थ्यांची सरासरी १.८ उत्तरं बरोबर आली. चिंपांझींना विचारलं असतं तर निव्वळ नशिबाने २.५ आली असती! म्हणजे अडचण अज्ञानाची नाही, पूर्वग्रहाची आहे. पुढे ते देशांच्या सरासऱ्याही फोडून दाखवतात. आफ्रिका म्हणजे एकच एक गठ्ठा नाही, हे इतक्या सोप्या रीतीने फार थोड्यांनी सांगितलं असेल.

माझा आक्षेप शेवटच्या भागाला आहे. तिथे एक चित्र येतं: सरकारी पैशातून जमवलेली आकडेवारी जमिनीखाली गाडलेली, आणि वर इंटरनेटवर तिची फुलं उमलायला हवीत. किमती हटवा, पासवर्ड हटवा, माहिती खुली करा. मागणी रास्तच होती. पण या चित्रात आकडे आधीपासून जमिनीत असतात. ते तिथे पेरले कुणी, हा प्रश्न वीस मिनिटांत कुठे येत नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे भाषण पोहऱ्याबद्दल आहे. आडाबद्दल नाही.

बालमृत्युदर हा आकडा येतो कसा? जिथे जन्म-मृत्यूची नोंद पक्की नाही, तिथे तो मुख्यतः घरोघरच्या सर्वेक्षणातून येतो. प्रश्नावली घेतलेली एक बाई दुसऱ्या बाईसमोर बसते आणि विचारते: किती मुलं झाली, कधी झाली, त्यातली किती हयात आहेत. मग विचारायचं, जन्मल्यावर रडलं पण फार जगलं नाही, असं एखादं मूल? हा प्रश्न मुद्दाम घातलेला असतो, कारण अशी मुलं मोजणीतून सहज निसटतात. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सुमारे ६.३७ लाख घरांत जाऊन माहिती घेतली गेली. मुंबईत देवनारला बसलेली लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम सांभाळते. बुडबुडा इंचभर सरकतो तो अशा लाखो बैठकांमुळे.

आणि मोजणी ही नुसती पूर्वतयारी नसते. राणी आणि अभय बंग यांचं गडचिरोलीतलं काम आठवा. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. पण तिथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू काटेकोरपणे नोंदला जात होता, म्हणून हे कळलं. २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाचा रोखही हाच होता: राज्यातले बरेच बालमृत्यू सरकारी कागदावर येतच नाहीत. जो मृत्यू नोंदला गेला नाही, त्यावर धोरण कसलं आखणार?

रोसलिंग यांना हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. मोझांबिकमध्ये डॉक्टर म्हणून काम करताना त्यांनी कोंझो या लकव्याच्या आजाराचा माग गावोगाव फिरून काढला होता. म्हणून दोष माणसाचा नाही, आम्ही त्यांच्याकडून काय उचललं त्याचा आहे. प्रशिक्षणात आम्हा पोस्टडॉकना सांगतात: पद्धतीची स्लाइड काढा, एकच संदेश ठेवा, गोष्ट सांगा. मग ‘माहिती कशी गोळा केली’ हे पहिल्याच झटक्यात उडतं, कारण ते कंटाळवाणं वाटतं.

त्याची किंमत २०२५मध्ये दिसली. अमेरिकन सरकारने यूएसएड मोडीत काढताना डीएचएस हा सर्वेक्षण कार्यक्रम थांबवला. १९८४पासून ९०हून अधिक देशांत चाललेलं हे काम. नंतर तात्पुरता पैसा उभा राहिला, तरी ठेच लागायची ती लागलीच. संशोधकांत आरडाओरड झाली, पण बाहेर फारसं कुणाला काही वाटलं नाही. वाटणार कसं? आपण लोकांना वर्षानुवर्षं बुडबुडेच दाखवत आलो.

तेव्हा पुढचं भाषण बसवताना एक मिनिट राखून ठेवा. तुमचा मुख्य आकडा कुणी, कुणाला, काय विचारून मिळवला, ते त्या मिनिटात सांगा. तो प्रश्न जसाच्या तसा मोठ्याने वाचा. श्रोते कंटाळतील ही भीती सोडा. ‘रडलं पण जगलं नाही, असं एखादं मूल?’ हा प्रश्न ऐकून सभागृहात कुणी जांभई देणार नाही.