परान्नाची समीक्षा

रस हा शब्द आपल्या काव्यचर्चेने स्वयंपाकघरातून उचलला, ही गोष्ट काव्यचर्चा करणारे सहसा विसरतात. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना भरताने दृष्टान्त घेतला तो नानाविध व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न मनाने सेवन करणाऱ्या माणसाचा. अशी परंपरा पाठीशी असताना, काव्याविषयी पिढ्यान् पिढ्या काथ्याकूट करणाऱ्या मराठी माणसाने अन्नाविषयी मात्र 'छान आहे' आणि 'आपल्याला नाही बुवा आवडले' या दोन निकालांपलीकडे जाऊ नये, याचे नवल वाटते. घरच्या अन्नापुरते हे दोन निकाल पुरतात. कारण घरच्या वरणाचे निकष आईच्या हाताने आपल्या जिभेवर आधीच कोरून ठेवलेले असतात. अडचण येते ती परक्या पदार्थापुढे. आणि आमच्या हैदराबादेत परका पदार्थ आता दर कोसावर भेटतो.

गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी या शहरातल्या परदेशी खानावळी हिंडून पाहण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. बरोबर बहुधा दोन-तीन मराठी स्नेही असतात. माणसे सुशिक्षित, वाचणारी, काहीशी चोखंदळही. परंतु बारकसच्या एखाद्या खानावळीत मंदीचा थाळ समोर आला की त्यांच्या तोंडून पहिले वाक्य ठरल्यासारखे निघते: 'ही तर फिकी बिर्याणी!' (ही मंदी बाजारभावातली नव्हे, हे मराठी वाचकाला सांगितलेले बरे. अरबीत दव, ओलावा असा अर्थ सुचवणाऱ्या धातूशी या नावाचे नाते जोडतात.) या एका वाक्यात आपल्या आस्वादाचा सगळा दोष सामावलेला आहे, म्हणून त्याची थोडी उलटतपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

हैदराबादी कच्च्या बिर्याणीत मसाला लावलेले मांस भांड्याच्या तळाशी असते आणि अर्धवट शिजलेला भात त्याच्यावर. तोंड कणकेने बंद केले की वाफ खालून वर चढते आणि मांसाचा, मसाल्याचा, केशराचा अंश भाताच्या थरांतून वर नेते. मंदीची रचना नेमकी उलटी. मूळ पद्धतीत जमिनीत खणलेल्या भट्टीत भात खाली असतो आणि मांस त्याच्या वर. निखाऱ्यांच्या धगीने वितळलेली चरबी आणि रस थेंबाथेंबाने भातावर उतरतात. एकात वाफेचे आरोहण, दुसऱ्यात रसाचे अवतरण. मसाला म्हणून जिरे, मिरी, वेलदोडा, हळद असा मोजका मेळ. त्याचे काम मांसाची चव झाकण्याचे नव्हे, फक्त तिला उठाव देण्याचे. तिखट हवे असेल तर टोमॅटो-मिरचीचे वाटण बाजूला वेगळे ठेवलेले असते. तेव्हा 'फिकी' हा आक्षेप म्हणजे अभंगात नाट्यगीतासारख्या ताना नाहीत अशी तक्रार करण्याचा प्रकार झाला. मंदीला जे विचारायचे ते असे: भाताचे शीत सुटे आहे काय? चरबी त्यात मुरली आहे की नुसती वर तरंगते आहे? मांस हाडापासून बोटाने सुटते काय? धुराचा वास भाताला शिवून गेला आहे की त्याच्यावर बसला आहे? या प्रश्नांना उत्तर देताना पुष्कळ मंदी नापास होतात, हेही सांगून टाकतो. अलीकडे 'ज्यूसी मंदी' म्हणून जे निघाले आहे, त्यात पिवळ्या भातावर तेलात तळलेली कोंबडी आणि शेजारी मेयोनेजची वाटी एवढाच ऐवज असतो. ज्या पदार्थात वरून काही ठिबकलेच नाही, त्याला ते नाव कोणत्या हक्काने मिळावे? तो पदार्थ वाईट आहे तो मंदीच्या स्वतःच्या कायद्याने. बिर्याणीच्या कायद्याने नव्हे.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे, तर न्यायशास्त्रातले एक तत्त्व येथे उपयोगी पडेल. आपल्या न्यायालयापुढे परदेशाच्या कायद्याचा प्रश्न उपस्थित झाला, तर न्यायाधीशाने तो स्वतःला ठाऊक आहे असे गृहीत धरायचे नसते. तो कायदा एखाद्या वस्तुस्थितीसारखा सिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी जाणकारांचे मत घेता येते. १८७२च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमात ती तशीच आहे. मला ही तरतूद मोठी सभ्य वाटते. परक्याच्या बाबतीत आपण अज्ञ आहोत हे न्यायासनाने आधीच मान्य केलेले असते. खानावळीत जाणकार साक्षीदार शोधायला दूर जावे लागत नाही. शेजारच्या बैठकीवर तो पदार्थ लहानपणापासून खाणारा कोणी बसलेला असतो. तो आधी काय उचलतो, कशाबरोबर काय खातो, लिंबू केव्हा पिळतो, हे पाहत राहावे. आपल्या पानात डावी-उजवी बाजू असते, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात, पहिला वरणभात आणि शेवटचा ताकभात यांना क्रम असतो. हे व्याकरण आपल्यापुरते स्वयंसिद्ध आहे. आणि तसेच एखादे व्याकरण दुसऱ्याच्याही पानाला असेल, एवढे धरून चालले तरी निम्मे काम होते.

परंतु बारकसचा प्रश्न नुसत्या चवीचा नाही. हे नाव 'बराक' या लष्करी शब्दाच्या इंग्रजी अनेकवचनाचा अपभ्रंश; निजामाच्या पदरी असलेल्या अरब शिपायांची ती वसाहत. हे लोक मुख्यतः येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तिथल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात 'अरब' आणि 'रोहिला' हे शब्द येत ते कर्जाच्या वसुलीसाठी दारात ठाण मांडून बसणाऱ्या माणसांचे म्हणून. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, अनियमित फौजा मोडल्या, अनेक अरबांना देशाबाहेर पाठवण्यात आले आणि जे राहिले त्यांची पोटापाण्याची घडी विस्कटली. त्याआधीच्या वर्षांतले अत्याचार आमच्या वडीलधाऱ्यांना आठवत होते. त्यानंतरच्या महिन्यांतले त्यांच्या वडीलधाऱ्यांना. काचीगुडा-सुलतानबाजारच्या मराठी वस्तीपासून बारकस काही परदेश नाही, तासाभराच्या आत गाठता येते. तरीही मधल्या दोन-तीन पिढ्या आमच्यापैकी फारसे कोणी तिकडे जेवायला गेले नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला चारमिनार दाखवून आम्ही परत फिरत असू. म्हणून मला वाटते, परक्या अन्नाविषयीचा आपला संकोच नेहमीच जिभेचा असतो असे नाही. पुष्कळदा तो आठवणींचा असतो आणि दोष मात्र मसाल्याच्या माथी मारला जातो.

थाळाचेच पाहा. चौघांत एक थाळ ही रीत आमच्या मंडळींच्या घशाखाली सहज उतरत नाही. उष्ट्या-खरकट्याचा विचार आपल्याकडे इतका सूक्ष्म की तुपाच्या धारेचाही पानाला स्पर्श होऊ द्यायचा नाही. पण एकत्र जेवणाऱ्यांचाही एक दंडक आहे: प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातूनच खायचे, दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. पाहता पाहता थाळाच्या चार दिशांना चार खळगे पडतात आणि मध्ये मांसाची टेकडी उरते, ती हळूहळू वाटून संपते. पंगत रेषेत बसते, हे लोक वर्तुळात बसतात. मांडी घालून भुईवर बसणे दोघांचेही तेच. माझ्या एका स्नेह्याने पहिल्या दिवशी वेगळी ताटली मागून घेतली. ती मिळाली, कोणी भुवईही उंचावली नाही. त्यात मला काही गैर वाटले नाही. पाहुण्याने यजमानाची प्रत्येक रीत पाळलीच पाहिजे असा आग्रह हा रसिकतेचा नव्हे, बडेजावाचा भाग आहे.

दुसऱ्या टोकाचा दोष असतो तो अस्सलपणाच्या शोधकांचा. 'हे खरे येमेनी आहे काय?' असे ते वाढप्याला विचारतात. तो बिचारा काय सांगणार? बारकसच्या मंदीला प्रत्येक वेळी शे-दीडशे वर्षांचा वारसा चिकटवण्याचे कारण नाही. येथली तरुण माणसे आखाती देशांत नोकरीला गेली आणि तिथली चव घेऊन आली. बऱ्याचशा खानावळी या शतकातल्याच आहेत. आजोबांचा प्रांत नातवाला दुबई-जेद्दामार्गे पुन्हा भेटला असे म्हणा. इराणी चहाची गोष्ट तर याहून बोलकी. इराणात चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दातांत धरून पितात; आमच्या चौकातला 'इराणी' चहा आटवलेल्या दुधावाचून होतच नाही. तो अस्सल इराणी नाही आणि अस्सल हैदराबादी आहे.

टोळीचौकीच्या बाजूला सुदानी, सोमाली, येमेनी विद्यार्थ्यांची वस्ती आहे. त्यांच्या भुकेपुरते चालणाऱ्या लहान खानावळींत शोभेच्या नावाने शून्य असते. तिथे फूल म्हणून जे मिळते ते बाकल्याचे दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवून, ठेचून, वर तेल, जिरे, कांदा घालून पावाशी खायचे. आमच्या उसळीचे हे नात्यातले माणूस, पण फोडणी नसलेले. फोडणीची वाट पाहणारा येथे उपाशी राहील. सोमाली लोक मसाल्याच्या भाताबरोबर केळे खातात. हे ऐकून हसणाऱ्या मराठी माणसाला मी एकच विचारतो: पोळीबरोबर शिकरण खाणारे आपण कोण? त्याच सोमालियात रोजच्या जेवणात शेवयांसारखी इटालियन पास्ता आहे, कारण त्या देशाचा मोठा भाग इटलीच्या ताब्यात होता. गोमंतकीय वाचकाला याचे विशेष वाटणार नाही. पाव, बटाटा, काजू हे शब्द पोर्तुगिजांकडून घेणाऱ्या आणि आफ्रिकेची आठवण नावातच बाळगणारे काफ्रियाल चवीने खाणाऱ्या प्रदेशाला, राज्यकर्ता गेला तरी त्याची भाकरी मागे राहते, हे निराळे सांगावे लागत नाही.

जुबिली हिल्सच्या उंची उपाहारगृहांविषयी थोडक्यातच लिहितो; तिथे अन्नापेक्षा दिव्यांवर अधिक खर्च झालेला असतो. इटालियन रिसोटोला आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी 'आसट भात' म्हटले, ते वर्णन मला पाककृतीच्या पुस्तकापेक्षा नेमके वाटले. जपानी सुरुवारीतली जी चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये 'उमामी' म्हणून वेगळी काढली, तिला आपल्या षड्रसांत घर नाही; पण सुकटीची किंवा जवळ्याची चटणी खाऊन वाढलेल्या कोकणी माणसाला ती ओळखीची वाटेल. तेथील सुरुवा वाळवलेल्या मासळीवर आणि समुद्री शेवाळावरच उभा असतो.

चिनी अन्नाबाबत मात्र आपण फारच मनमानी केली. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी मंचुरियन सिद्ध केले, त्याला माझा आक्षेप नाही. तो एक स्वतंत्र भारतीय पदार्थ आहे आणि त्याने आपले पोट मानाने भरले. तक्रार आहे ती 'शेजवान' या नावाची. सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण लाल मिरची एवढाच नव्हे. जीभ बधिर करून तिला मुंग्या आणणारे एक फळ त्यात असते. आपल्या बाटलीतल्या चटणीत मिरची आहे, लसूण आहे आणि तेवढे फळ नाही. गंमत अशी की त्याचे सख्खे भावंड गोव्या-कोकणात बांगड्याच्या आमटीत रोज पडते: तिरफळ. बी काढून टाकायची आणि साल वापरायची, हा विधीही दोन्हीकडे एकच. गोमंतकातल्या एखाद्या सुगरणीला खऱ्या सिचुआनी पदार्थापुढे बसवले, तर पहिल्या घासाला ती कोणत्याही खाद्यलेखकाच्या आधी ओळख पटवील.

आता हरीस. गहू, मांस आणि मीठ तासन् तास शिजवून, घोटून एकजीव केलेली ही अरबी लापशी बारकसला मिळते. हैदराबादेने ती घेतली, तिच्यात डाळी, गरम मसाला, तूप, तळलेला कांदा, पुदिना, लिंबू घातले आणि हलीम केले. २०१० मध्ये त्याला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली. जुन्या अर्थाने बोलायचे तर हलीम ही हरीसवरची टीका आहे, सूत्रावर भाष्य असावे तशी. भाष्य रसाळ आहे यात शंका नाही. परंतु मूळ सूत्र न वाचता भाष्याची थोरवी गाणारे जसे असतात, तसे आम्ही हैदराबादकर आहोत. हरीस एकदा खावी. तिखट नाही, सुवास नाही, रंग नाही. जिभेला धरायला काहीच सापडत नाही आणि मग चौथ्या-पाचव्या घासाला गव्हाची गोडी कळू लागते. ती खारी मिळते आणि गोडही. पहिल्या खेपेला खारीच मागावी. गोड हरीस समोर आली की आपले मन लगेच गव्हाच्या खिरीकडे धावते, आणि मांसाचा तंतू दाताखाली येताच दचकते.